चांदीच्या कानात शिव्या

साखरा गावच्या द्वारकाबाईनं म्हशीला कधी लाडीगोडीनं पिळलं नाही. शिव्या ऐकल्याशिवाय तिची चांदी पान्हाच सोडायची नाही, आणि रोज सकाळी त्या शिव्या अख्ख्या गल्लीला ऐकू यायच्या.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात बंदूकवाले स्वार गावं लुटत सुटले, तशी काही घरं गुरंढोरं घेऊन रानात गेली आणि पळसाच्या डहाळ्यांच्या खोपटांत लपली. एका सकाळी तेच स्वार खालच्या नाल्यावर घोड्यांना पाणी पाजायला थांबले. खोपटांत कुणी शिंकेना की खोकेना. नेमकी तेव्हाच, कास तटतटली म्हणून, चांदीनं रेकायला मान वर केली.

द्वारकाबाईचा नवरा संतराम धावला आणि त्यानं म्हशीचं तोंड आवळलं. "पीळ लवकर. पण बोलू नको, माय!"

"न बोलता देती व्हय ती?" द्वारकाबाई कुजबुजली. तरी तिनं गोडीनं करून पाहिलं, "माजी बाय, माजी सोनी..." चांदीनं परक्या बाईकडं बघावं तसं बघितलं.

मग द्वारकाबाईनं तिच्या कानातच तोंड घातलं. "भवाने, कडबा काय तुज्या बापानं धाडला व्हय? खाऊन खाऊन माजली! सोड पान्हा, न्हाई तर बाळापूरच्या बाजारात फुकट देऊन टाकीन!"

चांदीनं कान हलवला. पान्हा आला, तशी द्वारकाबाई कासेखाली बसली. पण पहिलीच धार पितळी चरवीत खणकन वाजली, तशी तिनं चरवी बाजूला लोटली आणि सगळं दूध मातीत पिळलं. उपाशी लेकरं बघत राहिली.

टापा लांब गेल्या.

"गेले," संतराम म्हणाला.

"गेले ना?" द्वारकाबाईचा आवाज एकदम मोकळा सुटला. "मंग माज्या तोंडाकडं काय बगून राहिले? लेकरायला काय चिखल पाजू?"