पंख्यापुढचं लिंबू

आमचा ऑटोगायरो दिसतो हेलिकॉप्टरसारखा, पण त्याच्या डोक्यावरची पाती इंजिनाला जोडलेली नाहीत. ती वाऱ्यानंच फिरतात. इंजिन पाठीमागं असतं आणि लाकडी पंखा फिरवून यंत्राला पुढं ढकलतं. आटपाडीच्या ज्या माळावर वाडवडलांनी मेंढरं चारली, तिथंच शेड टाकून मी तो आखला आणि थोरल्या भावानं जोडला. उडवतो भाऊच, मला उंचीची धास्ती. माझा नियम एकच: पुढं काही सुटं बांधायचं नाही. रुमाल सुटला तरी तो थेट मागच्या पंख्यात जातो.

खंडेनवमीला शेडमधल्या पान्यांपासून वेल्डिंग मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा झाली. वहिनीनं यंत्राच्या नाकाला लिंबू, मिरच्या आणि बिब्बा ओवून बांधला. मी लगेच सोडायला घेतला.

"आवं भाऊजी, असं उघडं ठेवू नगा. माळावरची नजर लय वाईट."

"वैनी, नजरेपेक्षा तुमचा बिब्बा वाईट."

ती हसली नाही, तरी मी ते सोडून टाकलं.

दसऱ्याला दुपारी भाऊ उडाला. वारा पडलेला, टिटव्यासुद्धा गप्प. दुसऱ्या फेरीला तो डोक्यावर आला तेव्हा नाकाखाली काहीतरी लोंबताना दिसलं. वहिनीनं परत बांधलं होतं. मी हात हलवून ओरडलो, त्यानंही खुशीत हात हलवला. मग फाडकन आवाज झाला. यंत्र थरथरलं आणि भावानं इंजिन बंद केलं. वरची पाती मात्र फिरत राहिली, आणि त्यांच्या आधारानं तो बाभळींच्या अलीकडं कसाबसा टेकला.

पंख्याचं टोक उडालं होतं. नाकाला नुसता तुटका दोरा. मी भावाला दोन्ही दाखवलं.

"व्हय रं," तो वहिनीकडं बघत म्हणाला, "मेलोच हुतो. त्या लिंबानं सगळं अंगावर घेतलं."

मी कितीदा समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. चिडून मी चार दिवस शेडकडं फिरकलो नाही.

आज नवा पंखा बसवून झाला म्हणून गेलो. नाकाला ताजं लिंबू होतं. ओढून बघितलं, निघेना.

"ह्या टायमाला तारंनं बांधलंय गड्या," भाऊ हेल्मेट चढवत म्हणाला. "दोरा तुटतो."

"लिंबासंगं तार गेली तर पंखा राहायचा नाही, दादा!"

तो हसून बसायला वळला. मी पक्कड शोधायला शेडमध्ये धावलो, आणि पाठीमागं इंजिन सुरू झालं.