लाईन आली
जळक्या वायरीचा वास आला की ओतूरजवळची आमची सामाईक विहीर आठवते. आमच्याकडे वीज म्हणजे लाईन, पाण्याचा पाइप म्हणजे लाईन आणि एसटीची रांगही लाईनच. त्या दुपारी वीज गेलेली होती, म्हणून दादा विहिरीत उतरून मोटारीची वायर जोडत होता. काठावरच्या बल्बकडे लक्ष ठेवायला त्याने मला बसवलं होतं. "लाईन आली की वरड, मी भाईर येतो. तेवढं तरी जमंल ना, राव?" तो खालून हसत म्हणाला. बल्ब पेटला आणि मी जीव खाऊन ओरडलो, "लाईन आली!" पण स्टार्टर पलीकडे चुलत्यांच्या गोठ्यात होता. त्या दिवशी पाण्याची पाळी त्यांची होती, आणि ही हाळी ऐकली की पाळीवाल्याने बटण दाबायचं हीच आमच्याकडची रीत. त्यांनी दाबलं. दादाला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता. "मला काय म्हाईत तो आत व्हता," एवढंच चुलते म्हणत राहिले. त्यांना कुणी बोललं नाही, मलाही नाही. अजून वीज परत आली की घरातली मुलं तेच शब्द ओरडतात, आणि मी बसल्या जागी पुटपुटतो, "दादा, वर ये."