बुवांच्या गालातली काडी

काष्ठौषधींच्या दुकानात ज्येष्ठमधाचा गोडसर वास आला की ऐंशीच्या दशकाअखेरचं आमचं मुलुंडचं घर आठवतं. वडील भजनी बुवा. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यात, गायचे. त्या वर्षी त्यांचं प्रेशर एकशेऐंशीवर गेलं. मीठ तोडलं, गोळ्या वाढवल्या, तरी आकडा हलेना. "बारीच्या टेन्शनान तुमचो जीव जातलो, गाणां सोडा," आई म्हणाली. "गाणां सोडून जगान काय करू?" वडील उखडले. डॉक्टरही आईच्याच बाजूचे होते, पण तपासताना त्यांना वडिलांचा फुगलेला गाल दिसला. "बुवा, तोंडात काय?" आवाजासाठी वडील दिवसभर ज्येष्ठमधाची काडी चघळत. "अहो, यामुळे शरीरातलं ताणाचं हार्मोन जिरत नाही. मग मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि प्रेशर चढतं. आधी ते थुंका!" महिन्याभरात आकडा एकशेचाळीसवर आला. गाणं वाचलं. पुढच्या बारीला आई पहिल्या रांगेत बसली आणि वडिलांना म्हणाली, "आता हरलात तर ज्येष्ठमधाक दोष देव नकात." वडील हरलेच, पण पुढच्या बारीचं ठरवूनच घरी आले. परवा माझा घसा बसला, तेव्हा मी दुकानातून लवंगा तेवढ्या आणल्या.