चिंधीची गाठ

ट्रकचा मागचा एक्सल बदलताना जुन्या-नव्या दोन्हींचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, तो जुळावा लागतो. एक चाक अडवून दुसरं दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्ट किती फिरला ते मोजायचं. जिंतूर रोडच्या आमच्या गॅरेजात मोजायचे अण्णा, माझे वडील. नजर गेल्यावर ते शाफ्टला चिंधी बांधून तिची गाठ तळहाताला लागेल तसं मोजायचे.

एकदा एका ट्रकला बसवायचा एक्सल मोजून म्हणाले, "सातला जरा कमी." एक्सलवरच्या पट्टीवर सहा लिहिलं होतं, जुन्याचाही रेशो सहाच.

"दिसत न्हाई, तर कशाला मोजायलाव?" मी गिऱ्हाइकांसमोर खेकसलो. पट्टी खरी धरून मी तो एक्सल बसवला. अण्णा पुन्हा गॅरेजात आले नाहीत.

त्यांच्या तेराव्यानंतर तोच ट्रक परत आला, सपाट रस्त्यालाही पळत नव्हता. एक्सल उघडला. आतल्या मोठ्या चक्राला, क्राउनला, एक्केचाळीस दात, छोट्या पिनियनला सहा. भागाकार सातला जरा कमी.

मग मी डोळे मिटून, बोटांनी दात पुन्हा मोजले. तेवढेच भरले.