डबीरांच्या मोटारीची तपासणी

१४ मार्च १९३७, रविवार. त्या दिवशी राइट टाउनमधले आमचे शेजारी चिंतामणराव डबीर यांनी आठशे पंचाहत्तर रुपये रोख देऊन बदलीवर निघालेल्या एका इंग्रज इंजिनिअराची मोटार विकत घेतली. चिंतामणराव शाळेत गणित शिकवीत. पगार एकशे दहा. गाडी दारात उभी राहिली तेव्हा त्यांच्या पत्नी अनसूयाबाई पायरीवरूनच म्हणाल्या, "घरात बसायला दोन धड खुर्च्या नाहीत, अन् दारात चौघांची बैठक आणली."

मोटार घेतल्याने माणूस सुखी होतो असे मला तोवर वाटत होते. चिंतामणरावांकडे पाहून ते मत मी बदलले. त्यांच्या मनात काळजी कायमची येऊन राहिली. रात्री पाऊस आला की ते छत्री घेऊन पडवीत जात आणि मोटारीवरच्या ताडपत्रीची टोके चाचपून येत. पेट्रोल जुन्या धोतराच्या चार पदरी घडीतून गाळल्याशिवाय टाकीत जात नसे. दसऱ्याला पूजा होई, पण हळद-कुंकू फक्त टायरला. रंगाला बोट लागलेले त्यांना चालत नसे. आणि रोज सकाळी सहाला, कुठे जायचे असो वा नसो, हँडल मारून गाडी दहा मिनिटे सुरू ठेवायची. "बसून राहिलेली गाडी अन् बसून राहिलेला माणूस, दोघंही आतून गंजतात, विष्णुपंत," असे ते मला सांगत.

त्यांची मते पुष्कळ होती आणि ती सगळी ठाम होती. ड्रायव्हर ठेवतो तो मालक नव्हे, सवारी. भोंगा वाजवावा लागला म्हणजे चालवणाऱ्याचे आधीच काहीतरी चुकले. पंचवीस मैलांच्या वर वेग म्हणजे गाडी दुसऱ्याच्या बापाची समजणे. गिअर बदलताना खरखर झाली की त्यांचा चेहरा स्वतःचा दात दुखल्यासारखा होई.

त्यांच्याबरोबर नर्मदेवर ग्वारीघाटला जाणे ही एक परीक्षाच असे. पाच मैलांत ते तीनदा उतरत. बोललेले चालत नसे. "थांबा. ऐकू द्या. टिकटिक येऊन राहिली." एकदा अशी टिकटिक शोधण्यात अर्धा तास गेला. बॉनेट उघडून झाले, खाली सरपटून झाले. शेवटी अनसूयाबाईंनी मांडीवरची पूजेची डबी उचलून हलवली. झाकण सैल होते.

"मला आधीच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, तेवढाच तुम्हाला आनंद."

लढाई सुरू झाली. पुढे पेट्रोलला कुपने आली. १९४२च्या एप्रिलात नोटीस निघाली की खासगी मोटारींची तपासणी होईल आणि चालू हालतीतल्या गाड्या लष्कराच्या कामासाठी ताब्यात घेतल्या जातील. मोबदला ठरवून मिळेल. निकामी गाडी मालकाकडेच राहील.

नोटीस घेऊन चिंतामणराव माझ्याकडे आले. "विष्णुपंत, ते नेतील जी. कोणीतरी अडाणी रंगरूट तिच्यावर बसवतील."

मी सरकारी कचेरीतला हिशेबनीस; आयुष्यभर हिशेबात एक पैचाही फेरफार केला नव्हता. तरी मला एकच मार्ग दिसला आणि तो मी सांगितला. ओमती मोहल्ल्यात तुळशीराम नावाचा मिस्त्री होता. संध्याकाळी आम्ही त्याला घरी आणले. त्याने ऐकून घेतले आणि हसला.

"मास्टरजी, एक छोटा-सा पुर्जा निकाल देता हूँ. रोटर. फिर ब्रह्मदेव भी हँडल मारे तो चालू नहीं होगी."

सुपारीपेक्षा थोडा मोठा काळा तुकडा त्याने काढून दिला. अनसूयाबाईंनी तो फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवला.

तपासणीला अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत गाडी सुरू झाली नाही. सकाळी सहाला चिंतामणराव पडवीत येऊन नुसते उभे राहत. जेवण कमी झाले. मलाही झोप येईना. पुर्जा लपवणे म्हणजे सरकारी हुकमाशी लबाडी. सापडलो तर दंड, कदाचित कैद, आणि माझी इतक्या वर्षांची नोकरी जाणार. रस्त्यावर बुटांचा आवाज आला की मी खिडकीशी जाई. तीनदा मनात आले की जाऊन सांगावे, बसवा तो तुकडा परत. तिन्ही वेळा गेलो नाही.

बाराव्या दिवशी दहा वाजता एक सार्जंट, एक फौजी मिस्त्री आणि एक कारकून आले. त्यांना त्या दिवशी अजून चौदा गाड्या पाहायच्या होत्या. मिस्त्रीने हँडल मारले. एकदा, चारदा, दहादा. गाडी ढिम्म. त्याने कपाळ पुसले आणि आत नीट न बघताच म्हणाला, "मरी पड़ी है साहब. बरसों से किसी ने हाथ नहीं लगाया."

सार्जंटने बॉनेटवर टिचकी मारली. "ऊपर से चमकाया है, बस. मालिक को गाड़ी रखना नहीं आता. लिखो, निकम्मी."

कारकून लिहू लागला. मी मनातल्या मनात नर्मदामाईला नारळ बोललो. एवढ्यात चिंतामणराव म्हणाले, "साहब, एक मिनट."

ते आत निघाले. मी मागे धावलो आणि स्वयंपाकघराच्या दारात त्यांचा दंड धरला. "चिंतामणराव, सुटली आहे गाडी! काहून स्वतःच्या हातानं घालवून राहिले?"

"ऐकलं ना तुम्ही? म्हणे, बरसों से हाथ नहीं लगाया." त्यांनी दंड सोडवून घेतला. "पाच वर्षं, विष्णुपंत! अन् तो लिहून नेईल की डबीरला गाडी ठेवता येत नाही. सरकारी कागदावर!"

"लिहू द्या की! कोण वाचतो?"

"मी वाचीन ना रोज."

त्यांनी डबा उपडा केला. तांदूळ चुलीपर्यंत गेले. अनसूयाबाई बाजूला सरकल्या. "अक्कलही त्याच डब्यात होती का हो? असली तर तीही घ्या," एवढेच बोलल्या आणि सूप आणायला गेल्या.

बाहेर चिंतामणरावांनी रोटर बसवला, स्विच लावला आणि हँडल अर्धे फिरवले. गाडी सुरू झाली. अकरा दिवस बसलेली गाडी, अर्ध्या हँडलात. मग त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेले फुलपात्र बॉनेटवर ठेवले. एक थेंब सांडला नाही.

सार्जंट पाण्याकडे पाहत राहिला. "यह पुर्जा कहाँ था?"

"चावल में, साहब."

मी डोळे मिटले. हसण्याचा आवाज आला म्हणून उघडले. मिस्त्री हसत होता, कारकून हसत होता. सार्जंटने मिशीवरून हात फिरवला. "मास्टर, चाहूँ तो अंदर कर दूँ." थोडे थांबून त्याने कारकुनाच्या हातातून कागद घेतला, 'निकम्मी' खोडले आणि स्वतः लिहिले: हालत अव्वल.

चिंतामणरावांनी ते दोनदा वाचले.

दुपारी गाडी पोहोचवायची होती. त्यांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः छावणीपर्यंत चालवली. वीस मैलांच्या वेगाने. मी शेजारी बसलो होतो. त्यांनी एकदाही गाडी थांबवली नाही, काही ऐकले नाही. छावणीत एका तरुण शिपायाच्या हातात किल्ली देताना ते सांगू लागले, "बेटा, सेकंड गिअर ज़रा धीरे से..." शिपाई "हाँ जी, हाँ जी" म्हणाला आणि बसला. फाटकातून वळताना मोठी खरखर झाली. चिंतामणराव तोवर पाठ फिरवून उभे होते. खांदे तेवढे आखडले.

मोबदल्याचे सहाशे चाळीस रुपये नोव्हेंबरात आले. ते त्यांनी पोस्टात टाकले आणि पुन्हा मोटार घेतली नाही. पेन्शन घेतल्यावरही सकाळी सहाला ते पडवीत असतात. गेल्या आठवड्यात रस्त्यावरून एक नवी गाडी गेली, तर मला म्हणाले, "व्हॉल्व्ह कुरकुरून राहिला. मालकाला पत्ता नाही."

त्या दिवशी छावणीतून आम्ही टांग्याने परतलो. भाडे दहा आणे झाले, ते मी दिले. त्यातले पाच आणे डबीरांकडून येणे आहेत.