पायऱ्यांवरची सोरायदा

त्या दिवशी सकाळी दक्षिणेचा वारा असा सुटला होता की दोरीवरचे कपडे आडवे झाले होते. समुद्रावरचं धुकं आमच्या टेकडीच्या निम्म्यापर्यंत चढायचं आणि वारा त्याला परत खाली हाकलायचा. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. शाळा उघडायला आलेल्या, म्हणून दोन्या एल्बाच्या, आमच्या शिवणाऱ्या एल्बाबाईच्या, दारात निळ्या स्कर्टांचा ढीग पडला होता. कुणाचा लांब, कुणाचा तोकडा, कुणाच्या थोरलीचा धाकटीला बसवायचा. एल्बा तोंडात टाचण्या धरून एकेक स्कर्ट उलटा करत होती. तिच्या खिडकीखालीच माझं दुकान. मी पाव मांडत होते.

खालून मिर्ता धापा टाकत आली. बंदरात मासे विकणारी ही बाई आमच्या टेकडीवर सहसा चढत नाही. काखेत जांभळं साटीन होतं.

"शिवणारीण तूच का?" तिनं एल्बाला विचारलं. "पायऱ्यांवरच्या सोरायदाच्या घराला पडदा पायजे. झालर लाव चांगली. रविवारी कालेजातली पोरं येत्यात, पितळेची पाटी ठोकाय."

"कसली पाटी?" एल्बानं टाचण्या न काढताच विचारलं.

"नाव येनार तिचं. बाई म्हनून गायलेली या बंदरातली पयली कलावंत, सोरायदा, मेली ऑगस्ट त्र्याहत्तर. पितळंवर कोरून. आता पाऊस आला तरी जायाचं न्हाई."

एल्बानं साटीन घेतलं, माप लिहून घेतलं आणि "शनिवारी ये," म्हणाली. मिर्ता खाली उतरली. मग एल्बानं तोंडातल्या टाचण्या एकेक करून त्यांच्या छोट्या गादीत खुपसल्या आणि मला म्हणाली, "नोएमी, मला ऑगस्टात मारून टाकतायत. पितळेवर."

एल्बाच ती सोरायदा, हे मला ठाऊक होतं. टेकडीवर आणखी दोघाचौघांना असेल. कुणी बोलत नव्हतं, कारण मेलेल्या बाईला तिच्या मरणाबद्दल काय विचारायचं.

पासष्टच्या सुमाराची गोष्ट. बंदरावर 'निळा पोपट' नावाचा कॅबरे होता. तिथं बायकांचे कपडे घालून नाचणारे बरेच होते, पण शेवटाचा रिवाज ठरलेला. ढोल वाजायचा, नाचणाऱ्यानं डोक्यावरचा टोप ओढून काढायचा, आतून निघालेला पुरुष वाकून सलाम करायचा आणि खलाशी हसून हसून लोळायचे. त्या हसण्याचेच पैसे होते. सोरायदाच्या पहिल्या खेळाला ढोल वाजला. तिचा हात वर गेला नाही. ढोलवाल्यानं पुन्हा वाजवलं. मालक पडद्याआडून हातवारे करू लागला. ती पुढं येऊन म्हणाली, "हे केस माझेच आहेत, रोख देऊन घेतलेत," आणि आणखी एक बोलेरो, प्रेमाचं संथ गाणं, गायली. हसायला आलेले लोक हसायचं विसरले. पुढच्या शनिवारी मासेवाल्या बायका तिकीट काढून आल्या. मग उत्तरेच्या बंदरांतून पोरी येऊ लागल्या, तिचं बघून गेल्या, आणि आपापल्या गावी त्यांनीही टोप काढायचं सोडलं.

नेल्दा त्यांतलीच. एल्बाचे कपडे सांभाळायची, पिसं वाळवायची, आरशापाशी उभी राहून ओठ हलवायची. त्र्याहत्तरच्या ऑगस्टात लांब उत्तरेच्या आरिकाहून एक बोलावणं आलं. चांगलं थिएटर, चांगली बिदागी, पण बस त्याच संध्याकाळची. एल्बानं आपला पिसांचा कोट आणि टोप नेल्दाच्या अंगावर चढवला. "आज तू सोरायदा. दिवे लांब आहेत, कुणाला कळतंय," म्हणाली आणि बसमध्ये बसली.

नेल्दा गायली. घरी परतताना पावसानं ओल्या झालेल्या पायऱ्यांवर उंच टाच घसरून पडली. चेहरा ठेचून गेला. कोट ओळखीचा, म्हणून लोक म्हणाले, सोरायदा गेली. पोलिसांच्या कागदावर नेल्दाच्या बापानं ठेवलेलं पुरुषाचं नाव आलं, आणि ते तर कुणालाच ठाऊक नव्हतं. नेल्दाचं जन्माचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, सोरायदाचंही नव्हतं. सगळ्यांना वाटलं, सोरायदाचं खरं नाव हेच असणार.

आमच्याकडे अवचित मेलेल्याचा जीव मेल्या जागीच राहतो. तिथं हातभर उंचीचं घर बांधायचं, मेणबत्ती लावायची, आनिमिता म्हणायचं. त्या जीवाचं देवापाशी चालतं, म्हणून लोक त्याला मागणं घालतात. सोरायदाची आनिमिता पंधरवड्यात उभी राहिली. कॅबरेच्या जाहिरातीतला तिचा फोटो आत लावला.

एल्बाला आपलं मरण आरिकात कळलं, एका खलाशाकडून. आधी हसली. मग कळलं, प्रेताच्या अंगात पिसांचा कोट होता, आणि हसणं थांबलं. पत्र लिहायला बसली तोवर सप्टेंबर आला, रस्त्यावर लष्कर आलं, तिच्यासारख्यांना धरून नेऊ लागले. मेलेल्या बाईला कुणी शोधत नाही. ती एल्बा झाली आणि शिवणयंत्र घेतलं. एक्याण्णव साली परतली, तर पायऱ्यांवर तिचाच फोटो, खाली दीडशे दगडी पाट्या, 'मागणं पुरवलंस, आभार'. काय करावं सुचेना. तिनंही एक मेणबत्ती लावली.

"तेव्हा तरी बोलायचं होतंस," मी म्हटलं.

"कुणाला? आणि काय? मी मेले नाही, तुम्ही मागता ते दुसऱ्याच कुणाकडे जातं?" तिनं चष्मा काढून पुसला. "आता मात्र पितळ आहे, नोएमी. रंगानं लिहिलेलं पुसता येतं. एकदा कोरलं की नेल्दा कुठेच उरत नाही. आत्तासुद्धा तिचं नाव घेणारी मी एकटी. मी सत्त्याहत्तर वर्षांची."

"मग सांगून टाक मिर्ताला."

"त्या फोटोपुढं मागणं घातलं आणि तिचा मुलगा समुद्रातून परत आला म्हणतात. तिला काय सांगू, की फोटोतली बाई वर टेकडीवर स्कर्ट उसवत बसली होती?"

शनिवारपर्यंत ती हे असंच उलटंसुलटं करत राहिली. एकदा म्हणाली, सांगत नाही. जेवताना म्हणाली, सांगते. पडदा मात्र सुरेख शिवला.

शनिवारी मिर्ता आली तेव्हा एल्बानं मला वर बोलावून बसवलं. मिर्तानं झालर बघून मान डोलावली. एल्बा उभ्यानंच म्हणाली, "मिर्ता, सोरायदा मी आहे. पायऱ्यांवर मेली ती नेल्दा. पाटीवर तिचं नाव घालायला सांग."

मिर्तानं माझ्याकडं पाहिलं. "हिला बरं न्हाई का?"

"बरं आहे," मी म्हटलं. "खरं बोलतेय."

मिर्ता खुर्चीत बसली. पडदा मांडीवर घेऊन झालर सरळ करत राहिली. मग म्हणाली, "एकवीस वरसं मी त्या घराची धूळ झाडतीया. वाऱ्यात मेणबत्त्या पेटंनात तर सदऱ्याच्या आडोशानं पेटवल्या. आन् तू हितं, वर? खिडकीतनं बघत?"

"खिडकीतून दिसत नाही ते," एल्बा म्हणाली. "भिंत आडवी येते."

"माझा पोरगा पाच दिवस बोटीवर व्हता. इंजिन बंद. मी सोरायदाला म्हनलं, आन त्याला. त्यानं तोंड दाखवलं सहाव्या दिवशी. मंग मी कुनाला म्हनलं? तुला?"

"मला तेव्हा कळलं नव्हतं, मिर्ता. मी त्या आठवड्यात बहुतेक पडदेच शिवत होते."

"म्हंजी तू न्हाई आनलंस."

"नाही."

मिर्ताला हे पटलं की तिला राग आला, मला सांगता येणार नाही. ती एल्बाच्या तोंडाकडं निरखून बघत होती. "मी पोपटाच्या तिकीटखिडकीत व्हते. एकोनीस वरसाची. शेवटच्या दिशी, ती पडली त्या राती, तिकिटं संपली, तवा पडद्याआडनं बघितलं. तसं गानं मी जल्मात ऐकलं न्हाई. तू सोरायदा हायस न्हवं, मंग गा."

एल्बानं गादीवरची टाचणी उगाच इकडची तिकडं केली. मग गायली. दोन कडवी. आवाज जाडा झालाय तिचा, पण सूर कुठं हलला नाही. मी तर पाव विसरले होते. वारा खिडकी आपटत होता.

मिर्ता म्हणाली, "न्हाई. ती चांगली गात व्हती."

"शेवटच्या दिवशी?" एल्बानं विचारलं.

"तुझ्यापरीस लई चांगली."

एल्बा पलंगाच्या कडेला टेकली. मला वाटलं रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते धड दुःख नव्हतं, धड आनंद नव्हता. चापट बसलेल्या माणसासारखी ती गाल चाचपून बघत होती. "टोप काढला का गं तिनं शेवटी?" तिनं हळूच विचारलं.

"कशाला काढंल? ढोल वाजलाच न्हाई. ढोलवाला रडत व्हता."

मग मिर्तानं पडद्याची घडी घातली. "नेल्दा काय? पुढचं नाव?"

"पुढचं मला माहीत नाही. तिनं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही."

"नुसतं नेल्दा घालते मंग. पोरं दुपारी कोराय नेत्यात, आत्ताच जाऊन सांगाय पायजे." दारापाशी जाऊन ती थांबली. "फोटू मात्र तुझाच ऱ्हाऊ दे. लोकांस्नी सवय हाय त्या तोंडाची."

"म्हणजे नाव तिचं आणि तोंड माझं?"

"मागनं पुरवनारीला तोंड लागतंच की. आन् पाटीवर पयली कलावंत कोन ते काय घालू? तू का ती?"

एल्बा पलंगावरून उठली. "मला वाटत होतं मी," ती म्हणाली. "ते पोरांना विचार."

मिर्ता पायऱ्या उतरत गेली. मी विचारलं, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"झालं असावं," एल्बा म्हणाली. "पण आता उद्या मी तिथं कोण म्हणून उभी राहू, नोएमी? मेलेली, की मेलेलीची कोणी?"

उत्तराची वाट तिनं पाहिली नाही. डब्यातून दोन ओंजळी घेवडा ताटात ओतला, चष्मा नाकावर सरकवला आणि खडे वेचायला बसली.