जमनाआजीचं मापटं

जमनाआजी कुणाकडेही आधी बघायची नाही. समोरच्याने तोंड उघडलं की मग मान वळवायची आणि नाव घेऊन दोन शिव्या हासडायची. माझ्या नवऱ्याला तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर नोकरी लागली, म्हणून साताऱ्याकडून येऊन आम्ही बेटेगावात तिच्या घरातली एक खोली भाड्याने घेतली होती. म्हातारी तोऱ्यात आहे, असंच मला वाटायचं. एकदा मी ओट्यावर गुपचूप भाजी निवडत बसले असताना तिने सरळ माझ्या अंगावर चूळ टाकली.

"बोलाचा नाय तं बसाचा कशाला?" ती खेकसली. मग हळूच म्हणाली, "मना दिसत नाय ता कोनाला सांगू नको."

लपवण्याचं कारण होतं मापटं. रोज सकाळी कणगीतून घरापुरते तांदूळ मापून द्यायचा मान तिचा होता. सून सुमन सूप धरून उभी राहायची आणि आजी बोटाने कड चाचपत मापटं सपाट भरायची. "जिच्या हातात मापटा, तिचा घर," ती म्हणायची. तिच्या सासूची नजर गेली, तेव्हा आजीनेच तिच्या हातातलं मापटं काढून घेतलं होतं. पुढे ती सासू ओट्यावर बसून जेवण मागायची आणि आजी ऐकू न आल्यासारखं करायची. हे तिने मला जराही न लाजता सांगितलं. तिचा राग यावा तेवढीच कीवही यावी, अशी ती बाई होती.

त्या हिवाळ्यात मुंबईहून डॉक्टर आले. गावोगावच्या म्हाताऱ्यांची ते पाहणी करत होते. कुणाला दिसतं, कुणाला ऐकू येतं, कुणाला आपलं आपण न्हाता-उठता येतं, सगळं विचारायचे. मोतीबिंदू निघाला तर पालघरला नेऊन फुकट ऑपरेशन करणार होते.

"आजी, खरं सांगून टाका," मी विनवलं. "दिसायला लागेल."

"आनि मी दवाखान्यात पडली तं कणगी कोन उघडल? सुमन. मंग ती मना मापटा परत देल काय?"

तिने स्वतः तरी सासूला ते कुठे परत दिलं होतं?

तपासणी आमच्याच अंगणात झाली. आजी मुद्दाम सगळ्यांच्या मागे बसली. तरुण डॉक्टर घाईत होता. तो प्रत्येकाला बोटं दाखवायचा ती त्याच क्रमाने, आणि आधीच्यांची उत्तरं आजी कान देऊन ऐकत होती. शेजारचे रामजीबाबा चुकले. आजीने मात्र सगळी बोटं बरोबर सांगितली, वर त्याला झापलं, "पोरांचा खेल काय खेलतस?" मग पायाखालच्या वाटेने विहिरीवर जाऊन घागर भरून आणली. डॉक्टर खूश झाला. "आई ठणठणीत आहे तुमची," त्याने तिच्या मुलाला, नाथाला सांगितलं. रामजीबाबा महिन्याभरात जाड भिंगांचा चष्मा लावून परतले आणि दिवसभर आपल्या कोंबड्या बघत बसायला लागले.

पुढच्या पावसाळ्यात आजीने तांदळाबरोबर मेलेला उंदीर सुपात ओतला. सुमनने त्याच क्षणी मापटं काढून घेतलं. तेव्हा कुठे आजी मुलाला म्हणाली, "नाथा, मना दिसत नाय रे. पालघरला ने."

नाथा हसला. "डागदराला सगली बोटा बरोबर सांगितलीस. आता कामाचा कंटाला आला काय?"

तांदूळ मापायला ती आंधळी ठरली आणि पाणी भरायला डोळस. मी नाथाशी भांडले. "तुमी भाडेकरू, भाडेकरूवानी ऱ्हावा," असं ऐकून घेतलं. शेवाळलेल्या विहिरीवर ती पडली आणि खुबा मोडला. पालघरला तेव्हाही कुणी नेलं नाही, सोंग करते म्हणून. खाटेवर पडून ती सुमनकडे पेज मागायची. घरात भांड्यांचा आवाज चालू असायचा.

ती गेल्यावर लोक भेटायला आले. मीही एका कोपऱ्यात बसले होते. नाथाने डोळे पुसले आणि रामजीबाबांना म्हणाला, "आईला मरेपरयंत काय दुखना नवता. डागदरानी सोता सांगितला व्हता." चष्म्याआडून रामजीबाबा त्याच्याकडे बघत राहिले. बाकी सगळे म्हणाले, असं मरण भाग्याचं.